बहात्तर ठोके

घड्याळाचा सेल संपला होता, म्हणून त्या सकाळी मी मारुती मंदिर नाक्यावरच्या दुकानात गेले होते. एवढंच काम. आमच्या फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला मोबाईल चालत नाही आणि नाडी मोजायची तर सेकंदकाटा हवा. दुकानदाराने सेल घातला, घड्याळ कानाला लावून बघितलं आणि म्हणाला, घ्या डॉक्टर, चालू झालं. पहिल्या वर्षाच्या पोरीला कोणी डॉक्टर म्हटलं की किती बरं वाटतं, ते मी सांगायला नको. खुशीतच कॉलेजच्या बसने वर आले. हे सगळं मुद्दाम सांगतेय, कारण नंतर मला जो भेटला त्याने समजावलं की ईशा, तू थकलेली होतीस, तुला भास झाला. थकलेलीबिकलेली काही नव्हते मी. रात्रभर झोपले होते, सकाळी दोन आंबोळ्या हाणल्या होत्या आणि माझं घड्याळ नव्या सेलवर टकटक चालत होतं.

कॉलेजचं नाव मी घेणार नाही. एका ट्रस्टचं आहे, शहराबाहेर सड्यावर, कातळाच्या पठारावर आहे, एवढं पुरे. चहूकडे काळा पडलेला जांभा, मधोमध काचेची इमारत आणि खाली उतारावर हापूसची कलमं. माघात मोहोर आला की त्याचा वास दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबपर्यंत चढतो आणि डोकं जड होतं. दुपारी वारा पडला की वर इतकी शांतता होते की लांबचा समुद्र ऐकू येतो. दिसत मात्र नाही.

तहा माझा पार्टनर. नाडी, रक्तदाब, श्वास, सगळं आम्ही एकमेकांवरच शिकतो. लागोपाठच्या रोल नंबरांची जोडी लावतात. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने डॉक्टर, मग अदलाबदल. तहा नाटे गावचा. वडील मच्छीमार, आणि घरात बारावीच्या पुढे गेलेला हाच पहिला. कॉलेज सुरू झालं तेव्हा त्याच्या आईने, फातिमाचाचीने, अख्ख्या वर्गाला पुरतील एवढी फणसाची गोड सांदणं पाठवली होती. तेव्हा हा खूप हसायचा. दिवाळीनंतर त्याचं हसणं गेलं, मग मेसमध्ये येणं गेलं, मग दाढी करणं. रात्री झोप लागत नाही आणि दिवसा धड जाग येत नाही, असं तो ज्याला सांगेल तो म्हणायचा, अरे, सगळ्यांचंच तसं आहे. हे एक वाक्य आमच्याकडे गोळीसारखं देतात, सकाळ-संध्याकाळ.

मी त्याला ओढत समुपदेशन कक्षाकडे नेलं होतं. आहे ना, आमच्याकडे कक्ष आहे. दारावर पितळी पाटी आहे. तपासणीला माणसं येतात तेव्हा पुसतात. दाराला कुलूप होतं आणि खिडकीतून आत बघितलं तर मोडकी स्टुलं आणि उत्तरपत्रिकांची खोकी छतापर्यंत रचलेली. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, मॅडम येतात कधीकधी. कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तहा नुसता उभा होता, दुसऱ्याच्या कामाला आल्यासारखा.

आणि आमचे सर्वेश सर. लॅब तेच घ्यायचे. तरुण माणूस, सात-आठ वर्षांपूर्वी स्वतः याच बाकांवर रडला असेल, पण तोंड असं चालायचं की विचारू नका. तहा तोंडी परीक्षेत अडकला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, तू जेटीवर बसून बांगडे मोज, इथे जागा अडवू नकोस. त्यांचा एक ठरलेला विनोद होता. कोणी सुट्टी मागितली की म्हणायचे, नाडी चालू आहे ना? मग प्रॅक्टिकलला यायचं. नाडी बंद पडली की सांग, सुट्टी मंजूर. आणि आम्ही मूर्ख दात काढायचो.

त्या आठवड्यात तहाने सुट्टी मागितली तेव्हा मी शेजारीच उभी होते.

"कारण?" सरांनी मोबाईलमधून डोकं न काढता विचारलं.

"झोपायचंय सर. चार दिवस घरी जाऊन… नुसतं झोपायचंय."

सर हसले. मग तोच विनोद. हजेरी आधीच काठावर आहे, एक प्रॅक्टिकल चुकलं तर परीक्षेला बसायचं विसर, हेही वर ऐकवलं. तहाने मान हलवली. बाहेर आल्यावर मी सरांना शिव्या घातल्या, तर तो हळूच म्हणाला, जाऊ दे गं, त्यांनी सांगितलंय ना कधी मिळेल ते. मला वाटलं, परीक्षेनंतर असं काहीतरी म्हणतोय.

तर ती दुपार. मी लॅबमध्ये शिरले तेव्हा तो आधीच येऊन आमच्या टेबलापाशी बसला होता. सकाळच्या लेक्चरला दिसला नव्हता, म्हणून मला बरंच वाटलं. अ‍ॅप्रनची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, केस ओले. म्हटलं, आंघोळ केलीस वाटतं, सुधारलास. त्याने उजवा हात टेबलावर पुढे केला, मनगट किंचित वाकवून, पुस्तकात दाखवतात अगदी तसा. हजेरी झाली. त्याच्या नंबराला "येस सर" आलं, ते मी ऐकलं. आवाज शेजारून न येता खिडकीबाहेरून आल्यासारखा वाटला, पण सगळे बडबडत होते, मी फारसा विचार केला नाही.

मी घड्याळ समोर ठेवलं आणि त्याच्या मनगटावर तीन बोटं टेकवली. हात गार होता. थंडीने होतो तसा नव्हे. बर्फातून काढलेलं पापलेट हाताला लागतं, तसा गार आणि आतून घट्ट. तळव्याची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती आणि नखांत वाळू होती. मी बोटं जरा सरकवली. दाबून बघितलं. हलकी ठेवून बघितलं. सेकंदकाटा एक फेरी फिरला, दुसरी फिरला. बोटांखाली काहीच नाही.

तेवढ्यात वीज गेली. पंखे गरगरत थांबले आणि लॅब एकदम गप्प झाली. कुणी कुणी ओठातल्या ओठात ठोके मोजत होतं तेवढंच. त्या शांततेत मला थेंब पडल्याचा आवाज आला. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्. त्याच्या अ‍ॅप्रनच्या बाहीतून काळ्या फरशीवर पाणी ठिबकत होतं. मोहोराचा वास कुठल्या कुठे गेला होता. होता तो खारा वास, ओहोटीला खडक उघडे पडतात तेव्हा येतो तो.

"तहा… नाडी लागत नाहीये रे."

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. तो सरांकडे बघत होता. भीती असती त्या डोळ्यांत तर मला कळली असती. तो वाट बघत होता. एस्टीच्या थांब्यावर माणूस वळणाकडे बघतो ना, तसा.

प्रत्येक जोडीने आपला आकडा ओरडून सांगायचा आणि सर तो फळ्यावर लिहिणार, अशी आमची पद्धत. आमचा नंबर आला. मी म्हटलं, सर, नाडी लागत नाही. नीट बघ म्हणाले. बघितली सर, दोन्ही हातांची बघितली, मानेलाही बोटं लावली. तुम्ही एकदा येऊन बघा.

सरांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. "माणूस समोर बसलाय आणि नाडी लागत नाही म्हणे! बहात्तर लिहितो. पुढचे."

वर्ग हसला. हसणार नाही तर काय? खरं सांगायचं तर निम्म्यांनी काही मोजलंच नव्हतं. सत्तर, बहात्तर, चौऱ्याहत्तर असं ठोकून द्यायचं, सगळी बॅच तेच करते. पुस्तकात नॉर्मल बहात्तर, म्हणजे माणूस नॉर्मल. मार्कर फळ्यावर करकरला. तहाने हात सावकाश मागे घेतला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळला.

"म्हणजे… नाही ना मिळाली?"

"काय?"

"सुट्टी."

जनरेटर लागला, दिवे लागले, सगळ्यांनी माना वर केल्या. स्टूल रिकामं होतं. वर पाणी साचलेलं आणि खाली थोडी वाळू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरे-वारेच्या किनाऱ्यावर तो सापडला. खडकावरची कालवं काढायला गेलेल्या बायकांना दिसला. शवविच्छेदन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की जाऊन दिवसाच्या वर झालंय, आदल्या पहाटेच गेलेला. आदल्या पहाटे. आणि आदल्या दुपारी मी त्याचा हात धरून बसले होते.

आता ऐका आमच्या मोठ्या लोकांची अक्कल. चौकशी समिती बसली. तिचं म्हणणं असं की मुलगा दुपारपर्यंत वर्गात हजर होता, सगळ्या वर्गासमोर त्याची नाडी बहात्तर आली, म्हणजे तब्येत ठणठणीत होती. त्यानंतर तो आवाराबाहेर गेला, तिथे कॉलेजचा संबंध संपला. शवविच्छेदनातली वेळ काय, अंदाजाची असते. मला म्हणाले, तू फक्त एवढं सांग की नाडी लागली होती. मी म्हटलं, नव्हती लागली. तुम्ही त्याला जिवंतपणी घरी सोडलं नाहीत म्हणून तो मेल्यावर हजेरी लावायला आला, हे लिहून घ्या. कोणी लिहून घेतलं नाही. उलट दुसऱ्याच दिवशी कक्षाचं कुलूप निघालं, खोकी हलली, पंखा पुसला गेला आणि माझ्यासाठी समुपदेशक मॅडम हजर. त्या बिचाऱ्या गोड बोलल्या. पण माझ्या डोक्यात एकच, ही खुर्ची महिनाभर आधी का नाही मांडली? एक खुर्ची हो. मेलेल्यांसाठी नाही मांडत कोणी, आणि जिवंतांसाठीही नाही. जो तोंड उघडतो त्याच्यासाठी मांडतात.

मी नाट्याला, तहाच्या घरी गेले. फातिमाचाची ओटीवर बसली होती. रडून झालं होतं तिचं. मला जवळ बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "आणलं ते दफन केलं, बाय. पण माझा तहा घरी नाय आला अजून. आईला कळतं. दाराला मी कडी लावत नाय."

लॅबमध्ये काय बघितलं ते तिला सांगायची हिंमत झाली नाही. पण परत येताना बसमध्ये माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याला सांगितलेलं होतं कधी सुट्टी मिळेल ते. तो तेवढं करून, रीतसर सांगायला आला होता. आणि सरांनी वळूनही न बघता बहात्तर लिहिलं. मग तो जाणार कुठे?

ते वर्ष संपलं. मी दुसऱ्या वर्षाला आले. हॉस्टेलवर माझ्या खोलीत पहिल्या वर्षाची शमिका आली, मालगुंडची. हुशार, अबोल पोरगी. डिसेंबरपर्यंत बरी होती. मग ताट तसंच परत यायला लागलं. आंघोळ नाही, केस विंचरणं नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि हाक मारली की म्हणायची, काही नाही ताई, सगळ्यांचंच तसं असतं. ते वाक्य मी आधी ऐकलेलं होतं.

माघ लागला. नाडीचं प्रॅक्टिकल जवळ आलं. शमिका सुट्टी मागायला गेली आणि परत आली ती हसत. खूप दिवसांनी हसत होती. मला म्हणाली, सर काय म्हणाले माहितीये ताई? नाडी बंद पडली की मंजूर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोच माणूस, तोच विनोद, एका पोराला मातीत घालून वर्ष झालं नाही तोवर! मी तिथल्या तिथे तिच्या बाबांना फोन लावला. सकाळी ते रिक्षा घेऊन दारात. मी तिची बॅग भरली, वॉर्डनबाईंशी तोंडाला तोंड देऊन भांडले आणि तिला रिक्षात बसवलं. म्हटलं, झोप, जेव, उद्याच्या उद्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखव आणि वर्ष गेलं तर खड्ड्यात गेलं. तिचं मनगट हातात होतं. जाता जाता मी मोजली तिची नाडी. जोरात चालली होती, घाबरलेल्या चिमणीची चालते तशी. पण चालली होती.

मग दुपारी मी लॅबमध्ये गेले. सरांच्या तोंडावर सांगायचं होतं, शमिका घरी गेलीये, गैरहजेरी मांडा, काय करायचं ते करा. दारातच थबकले. हजेरी चालू होती. सरांनी शमिकाचा नंबर पुकारला.

"येस सर."

मुलाचा आवाज. खिडकीबाहेरून आल्यासारखा. सरांनी मान वर केली नाही, पुढचा नंबर पुकारला.

वारा पडलेला होता. मोहोराचा वास नव्हता. मी टेबलांच्या मधून चालत गेले आणि मला तो दिसला. आमच्याच टेबलापाशी, गळ्यापर्यंत बटणं, ओले केस, हात पुढे केलेला. शमिकाचा पार्टनर, एक नवा मुलगा, त्याच्या मनगटावर बोटं ठेवून गोंधळून बसला होता. शमिकाच्या जागी कोणीतरी बदली बसलाय असं वाटलं असणार त्याला. नव्या बॅचला चेहरे कुठे पाठ असतात. त्याने चाचरत सांगितलं, "सर… नाडी लागत नाही."

"बहात्तर," सर फळ्याकडे तोंड करून म्हणाले.

मी पुढे झाले आणि त्यांच्या हातातला मार्कर काढून घेतला. मी म्हटलं, सर, गेल्या वर्षी मी तुम्हाला बोलावलं होतं, तुम्ही आला नाहीत. आज या. स्वतःची बोटं ठेवा.

ते माझ्यावर डाफरत, तणतणत टेबलापाशी आले. समोर कोण आहे ते न बघताच त्यांनी मनगट पकडलं आणि घड्याळाकडे बघायला लागले. थोडा वेळ गेला. कपाळावर आठी पडली. बोटं सरकवली. मग घड्याळ सोडून त्यांची नजर त्या हातावर आली, हातावरून बाहीवर, बाहीवरून वर चेहऱ्यावर. ओळखलं त्यांनी. त्यांचा रंग उतरताना मी बघितला आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्यांनी हात काढायला बघितलं. निघेना. तहाने धरलेला नव्हता, तरी निघेना. तो नुसता त्यांच्याकडे बघत होता. वाट बघत होता.

"किती, सर?" मी विचारलं.

"ला… लागत नाही…"

"मग सांगा ना त्याला. नाडी बंद पडली की काय मिळतं?"

टप्. टप्. सर पुन्हा हात ओढून बघत होते. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने सांगा, सगळ्या वर्गाला ऐकू जाऊ दे.

"सुट्टी… सुट्टी मंजूर."

तहाने हात मागे घेतला. उठला. माझ्याकडे बघून हसला, सांदणं वाटायचा तेव्हा हसायचा तसा. मग दाराकडे चालत गेला आणि दारापाशी पोचायच्या आधीच नव्हता. मी तिथे उभी राहून भोकाड पसरून रडले. लाज नाही वाटत सांगायला.

संध्याकाळी फातिमाचाचीचा फोन आला. धड बोलता येत नव्हतं तिला, रडत होती का हसत होती तेही कळेना. म्हणाली, "पोर घरी आलं गो, बाय. त्याची गादी मी रोज झटकते. आता बघते तर ओली आहे, मधोमध दबलेली. गाढ झोपून गेलंय माझं पोर."

शमिका मालगुंडला आहे. औषधं घेते, झोपते, दोन घावन जास्त खाते. परत यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. समुपदेशन कक्षाला पुन्हा कुलूप आहे आणि आत पुन्हा खोकी आहेत. पाटी पुसतात.

आणि सर्वेश सर. त्यांनी लॅब सोडली. उजव्या हाताची तीन बोटं पांढरी पडून सुरकुतलीत, काही केल्या सुकत नाहीत, असं सगळे म्हणतात. त्या बोटांना आता कोणाचीच नाडी लागत नाही म्हणे. वॉर्डातल्या पेशंटची नाही, घरच्यांची नाही. परवा जिन्यात मला गाठलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. इकडे तिकडे बघत त्यांनी बाही वर केली आणि हात माझ्यासमोर धरला.

"ईशा… जरा बघतेस? मला माझी स्वतःचीसुद्धा लागत नाहीये. झोपही येत नाही गं. तू सांग, चालू आहे ना?"

मी त्यांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली. चांगली मिनिटभर ठेवली. जिन्याच्या खिडकीतून खारा वारा येत होता. त्यांनी श्वास धरून ठेवला होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. मग मी हात सोडला, घड्याळाकडे न बघताच म्हटलं,

"बहात्तर, सर."

आणि खाली उतरले.